नव्या वर्षाचे संकल्प आणि ख्रिस्ती श्रद्धा: पेलतील अशी ध्येये कशी ठरवावीत?

डिसेंबर संपत आला की ख्रिस्ती घरांत दोन गोष्टी लागोपाठ येतात: नाताळ आणि नव्या वर्षाचे संकल्प. रोज बायबल वाचायचे, तंबाखू सोडायची, वजन उतरवायचे, कर्ज फेडायचे, घरात आवाज चढवायचा नाही, अशी यादी ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत मनोमन तयार होते. फेब्रुवारी उजाडेपर्यंत त्यातले बरेचसे सुटलेले असते.

संकल्प सुटला की कोणालाही थोडी चुटपुट लागते. श्रद्धाळू माणसाला मात्र आपण देवाला दिलेला शब्दच मोडला असे वाटू लागते. मग काही जण बायबल उघडायचे टाळतात, काही जण उपासनेला जाणे कमी करतात. देवाजवळ जाण्यासाठी ठरवलेली गोष्टच माणसाला देवापासून लांब नेते.

हे टाळता येते का? ख्रिस्ती शिकवणीत ध्येय ठरवण्याला जागा आहे का? आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातील बीबीसारख्या गावात, जिथे वर्ष भिंतीवरच्या कॅलेंडरपेक्षा सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याच्या हंगामावर चालते, तिथे ही ध्येये कशी असावीत? त्याची ही माहिती.

थोडक्यात

- १ जानेवारीला संकल्प करावा, अशी आज्ञा बायबलमध्ये कुठेही नाही. मात्र विचारपूर्वक नियोजन करण्याची शिकवण आहे.
- संकल्प म्हणजे नवस नव्हे. देवाने प्रेम करावे म्हणून ध्येय ठरवायचे नसते.
- ध्येय लहान, मोजता येण्यासारखे आणि एखाद्या विश्वासू माणसाला सांगितलेले असावे.
- विश्रांती, औषधोपचार आणि झोप हेही श्रद्धेचे विषय आहेत.
- ध्येय मोडले तर वर्ष वाया जात नाही.

संकल्प, नवस आणि ध्येय यांत फरक काय?

नवस बोलणे आणि फेडणे ही कल्पना महाराष्ट्रात घराघरांत मुरलेली आहे. काम झाले की ठरलेली गोष्ट अर्पण करायची, असा तो व्यवहार असतो. श्रद्धा कोणतीही असो, मनाची ही सवय सहज जात नाही. त्यामुळे 'यंदा रोज पहाटे प्रार्थना करीन, मग देव मुलाच्या नोकरीचे बघेल' असा संकल्प नकळत नवसासारखा होतो.

बायबलमध्येही नवसांचा उल्लेख आहे, पण सोबत सावधगिरीची सूचना आहे. उपदेशक या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे की बोललेला नवस फेडता येत नसेल तर तो न बोललेला बरा. डोंगरावरील प्रवचनात (मत्तय, अध्याय ५) येशू शपथा वाहण्याऐवजी साधे 'होय' आणि साधे 'नाही' पुरेसे मानतो.

पौलाच्या इफिसकरांस पत्रातील दुसरा अध्याय क्रम स्पष्ट करतो: तारण ही कृपेने मिळालेली देणगी आहे, ती कर्माने कमावता येत नाही, चांगली कामे त्यानंतर येतात. ध्येयांनाही हाच क्रम लागू पडतो. मुलाला आईचा लळा आहे म्हणून ते अभ्यास करते, की अभ्यास केला नाही तर आई टाकून देईल या भीतीने करते, यात जेवढा फरक आहे तेवढा इथे आहे. भीतीने ठरवलेले ध्येय बाहेरून चांगले दिसते, पण आतून माणसाला पोखरते.

चर्चमध्ये १ जानेवारीला महत्त्व कसे आले?

चर्चचे उपासना-वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. ते नाताळाच्या आधी सुमारे चार आठवडे, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते. १ जानेवारी हा नाताळापासूनचा आठवा दिवस. लूककृत शुभवर्तमानात आठव्या दिवशी बाळाची सुंता झाली आणि त्याचे नाव येशू ठेवले गेले, असे सांगितले आहे; अनेक चर्च या दिवशी त्याची आठवण करतात. कॅथलिक चर्चमध्ये हा दिवस देवमाता मरियेचा सोहळा म्हणून पाळला जातो.

वर्षअखेरच्या रात्री जागून प्रार्थना करण्याची प्रॉटेस्टंट प्रथा अठराव्या शतकातली. जर्मनीतल्या हेर्नहुट येथील मोरावियन मंडळीने १७३३ च्या वर्षअखेरीस अशी उपासना घेतली. पुढे इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट चळवळीने ती उचलली. वेस्लीने ऑगस्ट १७५५ मध्ये लंडनमध्ये कराराची उपासनाही सुरू केली. देवाशी असलेला करार सर्वांनी मिळून नव्याने स्वीकारायचा, अशी ती पद्धत. नंतर ती नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारशी जोडली गेली. आज मराठी मंडळ्यांत ३१ डिसेंबरच्या रात्री होणारी उपासना याच परंपरेतून आली आहे.

वैयक्तिक संकल्पांचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या जोनाथन एडवर्ड्सचे. १७२२-२३ मध्ये, वयाच्या विशीच्या आसपास, त्याने स्वतःसाठी ७० संकल्प लिहिले. देवाच्या मदतीशिवाय यातले काहीच जमणार नाही, ही कबुली त्याने सुरुवातीलाच दिली आणि आठवड्यातून एकदा यादी वाचायचे ठरवले. पण हाच एडवर्ड्स पुढे गुलामांचा मालकही होता. स्वतःच्या मनाची इतकी बारकाईने तपासणी करणाऱ्यालाही घरात राबणारा माणूस दिसला नाही. ध्येयांची यादी फक्त स्वतःभोवती फिरू नये, हा धडा त्यातून मिळतो.

बायबल नियोजनाबद्दल काय सांगते?

'देव बघून घेईल, नियोजन कशाला?' असा प्रश्न नेहमी विचारला जातो. बायबलमधली चार ठिकाणे इथे उपयोगी पडतात.

बुरूज बांधणारा माणूस (लूक १४): येशू म्हणतो की बुरूज बांधायला घेण्याआधी माणूस बसून खर्चाचा हिशेब करतो, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहते. हा दाखला शिष्य होण्याच्या किमतीबद्दल आहे, पण हिशेब करणे म्हणजे अविश्वास नव्हे, हेही त्यातून कळते.

नहेम्या: यरुशलेमेचा तट पडल्याची बातमी त्याला किसलेव महिन्यात मिळाली. राजापुढे त्याने विषय काढला तो नीसान महिन्यात, म्हणजे सुमारे चार महिन्यांनी. मधल्या काळात उपवास आणि प्रार्थना झाली. राजाने विचारले तेव्हा किती दिवस लागतील, कोणती पत्रे हवीत, लाकूड कुठून मिळेल, याची उत्तरे त्याच्याजवळ तयार होती. तट ५२ दिवसांत पुरा झाला.

दानिएल (अध्याय १): राजाच्या पंगतीतले अन्न नाकारताना दानिएलाने आयुष्यभराची प्रतिज्ञा मांडली नाही. त्याने दहा दिवसांचा प्रयोग मागितला आणि मग पाहा म्हणाला. नवी सवय लावू पाहणाऱ्यांना ही मुदत आजही झेपण्यासारखी आहे.

याकोबाचे पत्र (अध्याय ४): अमुक गावी जाऊ, वर्षभर राहू, नफा कमावू, असे ठामपणे बोलणाऱ्यांना याकोब सांगतो की उद्याचे कोणाला माहीत नाही, म्हणून प्रभूची इच्छा असल्यास करू, असे म्हणावे. पावसावर पोट असलेल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मराठी ख्रिस्ती इतिहासातली तीन ध्येये

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२): पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी सामान्य, कमी शिकलेल्या स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत बायबल आणण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आश्रमातल्या शेकडो स्त्रिया-मुलांचा सांभाळ करत, ऐकू येणे कमी झालेले असताना, हे भाषांतर वर्षानुवर्षे चालले. संपूर्ण भाषांतराचे काम त्यांनी एप्रिल १९२२ मधल्या मृत्यूच्या थोडेच आधी संपवले. पुस्तक आश्रमातल्याच छापखान्यातून बाहेर पडले. हे एका वर्षाचे ध्येय नव्हतेच. रोज थोडे, पण अनेक वर्षे, असे ते होते.

केडगावला १९०५ च्या जानेवारीत आणखी एक गोष्ट सुरू झाली. रमाबाईंनी रोज प्रार्थनेसाठी स्त्रियांचा एक गट जमवला. जूनपर्यंत तो अनेक पटींनी वाढला आणि त्यातून पुढे आलेल्या संजीवनाची नोंद जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात झाली. सुरुवात मात्र ठरलेल्या वेळी एकत्र बसण्याची होती.

नारायण शेषाद्री: बुलढाण्याच्या शेजारच्या जालना जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात काम केलेले हे मराठी धर्मोपदेशक. १८४३ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभी केली. तिच्यासाठी जमीन हैदराबाद संस्थानाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळाली होती. समाजाने बाजूला ठेवलेल्या कुटुंबांना घर, काम आणि शिक्षण मिळावे, हे ध्येय एकट्याचे राहूच शकत नव्हते.

नारायण वामन टिळक (१८६१-१९१९): १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले हे कवी. १९१७ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडून भारतीय पद्धतीचे ख्रिस्ती संन्यस्त जीवन पत्करले. ध्येय बदलायला वयाची आडकाठी नसते, हे त्यांच्या आयुष्यातून दिसते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मधून दुसरी बाजूही कळते: घरातल्या एकाच्या मोठ्या निर्णयाचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर येतो. म्हणून कुटुंबाशी न बोलता घेतलेले ध्येय, कितीही पवित्र असले, तरी अपुरे असते.

ध्येयांच्या चार बाजू

लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी येशूच्या वाढत्या वयाबद्दल एक छोटे वाक्य आहे. ज्ञान, शरीर, देवाशी नाते आणि माणसांशी नाते, अशा चारही बाजूंनी तो वाढत गेला, असा त्याचा आशय. याच चार बाजूंनी वर्षाची ध्येये तपासता येतात. प्रत्येक बाजूला एकच ध्येय पुरे.

१. देवाशी नाते

संपूर्ण बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत (प्रॉटेस्टंट गणनेप्रमाणे). वर्षात पूर्ण करायचे तर रोज तीनहून थोडे अधिक. अनेकांची गाडी इथेच अडते: जानेवारीत उत्पत्ती आणि निर्गम झपाट्याने होतात आणि लेवीय लागले की वाचन थांबते.

नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्याला पाच दिवस, रोज एक अध्याय वाचला तर ५२ आठवड्यांत तो बरोबर पूर्ण होतो. दोन दिवस राहून गेलेले भरून काढायला किंवा विश्रांतीला मिळतात. ज्यांना एवढेही जड वाटते त्यांनी मार्ककृत शुभवर्तमान घ्यावे: १६ अध्याय, १६ दिवस. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय ३१ दिवसांच्या महिन्यात तारखेप्रमाणे वाचता येतात. वाचता न येणाऱ्यांनी मोबाइलवर ऐकले किंवा नातवंडाकडून वाचून घेतले तरी चालते. नातवंडाचेही वाचन होते.

२. शरीर

पौल शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो (१ करिंथ ६). याचा अर्थ सगळ्यांनी व्यायामशाळेत जावे असा नाही. दिवसभर दुकानात किंवा खुर्चीत बसणाऱ्याने चालावे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते, म्हणजे आठवड्यात पाच दिवस अर्धा तास. पण दिवसभर कापूस वेचणाऱ्या किंवा निंदणाऱ्या बाईला चालायला सांगणे ही थट्टा ठरेल. तिचे ध्येय वेगळे: शेतात पाण्याची बाटली नेणे, वेळेवर जेवणे, सात तास झोप आणि वर्षातून एकदा तपासणी.

तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब आणि मधुमेहाची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत करण्याची योजना आहे. 'यंदा निरोगी राहीन' यापेक्षा '१५ जानेवारीपूर्वी रक्तदाब मोजून घेईन' हे ध्येय नेमके आहे. मिठाचे प्रमाण दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी असावे, अशी आरोग्य संघटनेची शिफारस आहे. घरात ठेचा, लोणचे आणि पापड एकाच ताटात असतील तर कुठे हात आखडायचा ते लगेच कळते. तंबाखू किंवा गुटखा सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा आहे.

३. मन आणि बुद्धी

आठवड्यातून एक संध्याकाळ मोबाइल बाजूला ठेवणे, एखादे कौशल्य शिकणे, मुलांच्या अभ्यासाला बसणे, ही साधी ध्येये. पण या भागात मनाचा विषय आणखी गंभीर आहे. २००६ मध्ये केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाणाही होता. कर्ज आणि नापिकीचे ओझे माणूस एकटाच वाहत राहतो. ख्रिस्ती कुटुंबांत त्यात 'माझा विश्वासच कमी पडतो' या अपराधी भावनेची भर पडू शकते.

बायबलमधला एलिया संदेष्टा याच्या उलट सांगतो. खचून जाऊन त्याने मरण मागितले (१ राजे १९), तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिले, खायला दिले, पुन्हा झोपू दिले. काम नंतर सांगितले. मन फार काळ उदास असेल, झोप उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर घरच्यांशी आणि डॉक्टरांशी बोलावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. हा फोन करणे म्हणजे विश्वास कमी असणे नव्हे.

४. माणसे आणि पैसा

सहा महिने न बोललेल्या भावाला फोन करणे, गावातल्या एकट्या म्हाताऱ्या माणसाकडे आठवड्यातून एकदा जाणे, ही ध्येये खर्चाची नसतात, पण अवघड असतात. म्हणून त्यांना दिवस आणि नाव हवे.

पैशाच्या ध्येयात नेहमी दशांशाचा प्रश्न येतो. कर्ज असताना दहावा भाग द्यावा का? याबाबत मंडळ्यांची शिकवण वेगवेगळी आहे. मात्र २ करिंथ अध्याय ८ व ९ मधला पौलाचा विचार सर्वांना मान्य होण्यासारखा आहे: जवळ जे आहे त्या मानाने द्यावे, जे नाही त्या मानाने नव्हे, आणि ते कुरकुरत किंवा दडपणाखाली देऊ नये. दान देण्यासाठी खासगी सावकाराकडून उसने घेणे हे या शिकवणीत बसत नाही. देणे कोणाचे, किती आणि कधीपर्यंत, हे एका वहीत लिहून नवरा-बायकोने महिन्यातून एकदा एकत्र पाहणे, हेच अनेक घरांत वर्षातले सर्वांत धाडसी ध्येय ठरेल.

बीबीच्या हंगामाप्रमाणे वर्षाचा आराखडा

शहरात बनलेली ध्येयांची तक्ते-पुस्तके बाराही महिने सारखे धरतात. शेतीवरच्या घरात तसे नसते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहून किंचित कमी आहे आणि तीही मुख्यतः मुंबई, वसई, पुणे, अहिल्यानगर अशा भागांत एकवटलेली. त्यामुळे विदर्भातल्या लहान गावात उपासनेसाठी प्रवास करावा लागू शकतो. हे सगळे धरून आराखडा असा करता येतो:

- जानेवारी ते मार्च: तुरीची सोंगणी आटोपते, मग हरभरा आणि गहू. नवी सवय लावायला हा काळ बरा. मार्चअखेर पीककर्जाचा हिशेब, म्हणून पैशाचे ध्येय याच काळात.
- एप्रिल आणि मे: ऊन आणि लग्नसराई. नवे काही सुरू करू नये. पाणी, झोप आणि लग्नातला खर्च एवढ्यावर लक्ष. मुलांना सुट्टी, म्हणून कौटुंबिक प्रार्थनेला सवड.
- जून ते ऑगस्ट: पेरणी, डवरणी, निंदणी, फवारणी. वाचन पाच मिनिटांवर आले तरी चालेल. फवारणी करताना तोंड आणि हात झाकणे हेही आरोग्याचेच ध्येय.
- सप्टेंबर ते नोव्हेंबर: सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी. हातात पैसा येतो तेव्हाच देणे, दान आणि बचत यांची वाटणी आधी ठरवलेली असावी.
- डिसेंबर: आगमनकाळ. वर्षाचा आढावा घ्यायला ३१ तारखेच्या रात्रीपेक्षा हे चार आठवडे अधिक सोयीचे.

गावात मंडळी नसेल तर दोन-तीन कुटुंबांनी आठवड्यातून एकदा एका घरी प्रार्थनेला बसावे. दोघे-तिघे जमतात तिथे मी असतो, अशा आशयाचे येशूचे आश्वासन मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे.

विश्रांती का विसरू नये?

दहा आज्ञांमधली शब्बाथाची आज्ञा (निर्गम २०) मालकाइतकीच मुलांना, नोकरांना आणि जनावरांनाही लागू होती. म्हणजे घरच्या बैलालाही सुट्टी होती. रविवारी आपण उपासनेला जातो आणि घरातली बाई मात्र पहाटेपासून दुप्पट स्वयंपाकात असते, तर तिचा विश्रांतीचा दिवस कोणता, हा प्रश्न कुटुंबाने विचारायला हवा. रविवारचे जेवण सगळ्यांनी मिळून करणे किंवा पिठले-भाकरीवर भागवणे, हे वर्षभराचे चांगले ध्येय आहे.

संशोधन काय सांगते?

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, नव्या वर्षाचा संकल्प करणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोक सहा महिन्यांनंतरही टिकून असल्याचे आढळले. बदल हवा, पण संकल्प केला नाही, अशांत हे प्रमाण ४ टक्के होते. म्हणजे संकल्पाला हसण्याचे कारण नाही.

सवय २१ दिवसांत लागते, हा समज मात्र खरा नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. १ जानेवारीला सुरू केलेली सवय सरासरीने मार्चच्या पहिल्या आठवड्यात अंगवळणी पडेल. याच अभ्यासात दिसले की मध्येच एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी मांडलेली 'जर-तर' पद्धतही सोपी आहे. 'रोज वाचीन' असे न म्हणता 'रात्रीची भांडी आवरली की एक अध्याय वाचीन' असे ठरवायचे. जुन्या कामाला नवे काम बांधले की आठवण राहते.

ध्येय बिघडल्याची लक्षणे

- चुकलेल्या दिवसाची भीती वाटते आणि ते लपवले जाते.
- स्वतःच्या नियमांवरून घरच्यांना किंवा इतर विश्वासणाऱ्यांना कमी लेखले जाते.
- उपवास, जागरण किंवा सेवेमुळे प्रकृती ढासळते, तरी थांबायला लाज वाटते.
- प्रार्थनेचा, उपवासाचा फोटो स्टेटसला ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. उपवास गुप्तपणे करावा, असे येशूने मत्तयाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे.
- 'विश्वास आहे ना, मग गोळी कशाला?' असे कोणी म्हणते आणि ते पटू लागते.

यातले एक जरी दिसले तरी ध्येय लहान करावे किंवा काही काळ थांबवावे.

ध्येय मोडले तर काय करावे?

बायबलमधला सर्वांत प्रसिद्ध मोडलेला संकल्प पेत्राचा आहे. मरावे लागले तरी मी तुला नाकारणार नाही, असे त्याने सगळ्यांसमोर ठासून सांगितले आणि कोंबडा आरवण्याआधी तीनदा नाकारले. योहानाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित येशू त्याला किनाऱ्यावर भेटतो. तिथे तो आधी निखाऱ्यावर मासे भाजून न्याहारी देतो, मग तीनदा प्रेमाबद्दल विचारतो आणि पुन्हा काम सोपवतो. यादी काढून हिशेब मागत नाही.

मोडलेल्या ध्येयासाठी तीन पायऱ्या पुरतात. देवाजवळ सरळ कबूल करावे. का मोडले ते पाहावे: ध्येय मोठे होते, वेळ चुकीची होती, की कोणाची साथ नव्हती? मग ते निम्मे करून दुसऱ्या दिवशी सुरू करावे. चर्चच्या वर्षातही नवी सुरुवात एकदाच येत नाही. फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये राखेच्या बुधवारी सुरू होणारा उपवासकाळ, मग पुनरुत्थानाचा सण आणि दर आठवड्याचा रविवार, या सगळ्या सुरुवातीच आहेत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जानेवारीत दानिएलाचा उपवास करतात तो काय? दानिएलाने तीन आठवडे रुचकर अन्न, मांस आणि द्राक्षारस वर्ज्य केल्याचे दहाव्या अध्यायात आहे. त्यावरून काही मंडळ्या २१ दिवस साधा शाकाहार घेतात. तो ऐच्छिक असतो.

मधुमेह असताना उपवास करावा का? डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मधुमेही, गरोदर व स्तनदा माता, लहान मुले आणि नियमित औषधे घेणाऱ्यांनी अन्नाऐवजी मोबाइल, टीव्ही किंवा गोड पदार्थ सोडावेत. औषध स्वतःहून बंद करू नये. रोग्यांना वैद्याची गरज असते, हे येशूच्या बोलण्यातही आले आहे (लूक ५).

संकल्प सर्वांसमोर सांगावा का? साक्ष म्हणून सांगण्याची सक्ती नाही. एक-दोन विश्वासू माणसांना सांगावा, जी महिन्यातून एकदा विचारतील आणि चुकल्यास टोमणा मारणार नाहीत.

घरात सगळे ख्रिस्ती नसतील तर? शरीर, पैसा आणि नात्यांची ध्येये सगळ्यांची मिळून करता येतात. उपासनेचे ध्येय स्वतःपुरते ठेवावे, त्याचा भार दुसऱ्यावर टाकू नये.

किती ध्येये असावीत? चारपेक्षा जास्त नकोत. पहिल्यांदाच करत असाल तर एकच.

कसे लिहावे? वहीच्या एका पानावर चार ओळी: काय करायचे, कोणत्या कामानंतर करायचे, कोणाला सांगितले आहे आणि पहिला आढावा कधी. दानिएलाप्रमाणे पहिली मुदत दहा दिवसांची ठेवावी. १ जानेवारीला सुरुवात केली तर पहिला आढावा ११ जानेवारीला येईल. त्या दिवशी जमले असेल तर पुढे चालू ठेवावे, जमले नसेल तर ध्येय निम्मे करून पुन्हा दहा दिवस द्यावेत.